निम्मी माफी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण या माणसाबद्दल लिहायचं आणि ती लपवायची, या दोन गोष्टी एकत्र जमायच्या नाहीत. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून त्याच्याइतका ताठ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. झाड वाऱ्याने वाकतं, गरजू माणूस साहेबाला पाहून वाकतो. हा वाकला तर फक्त गॅरेजात पडलेला स्क्रू उचलायला, आणि तोही पायाच्या बोटांत धरून वर घेता आला तर तेवढंसुद्धा वाकत नाही. तो माझ्या वडिलांच्या भागीदाराचा मुलगा. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. भागीदारी कसली, तर एका मशीनची. लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी चेन-सॉ. गावात पिठाची गिरणी होती, शिंप्याकडे शिलाई मशीन होतं, पण नुसतं ‘मशीन’ म्हटलं की ते आमच्या बापांचं.

माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि त्याचे वडील, म्हणजे आबा, यांनी ते भागीत घेतलं होतं. आमचं घर गावठाणात, त्यांचं बौद्धवाडीत, मधे ओढा. काम नसेल तेव्हा मशीन काही दिवस ओढ्याच्या अलीकडे मुक्कामाला असे आणि काही दिवस पलीकडे. खंडेनवमीला मात्र ते आमच्याकडेच हवं, असा आईचा हट्ट. त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, विळा यांच्या रांगेत मशीन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते ओढा ओलांडून आबांकडे जाई. तिथे पूजाबिजा नाही. आबा नवा पांढरा कपडा अंथरत, मशीन उघडून त्याचा एकेक भाग रॉकेलने धूत, साखळीचा एकेक दात कानशीने घासत आणि पुन्हा जोडून ठेवत. दादा आजही म्हणतो, “तुमी त्याला फुलं घालायचात, आन् आमी ती फुलं त्याच्या दातांतनं काढायचो.” वर असंही म्हणतो, की दोन्ही मिळून झालं म्हणूनच ते एवढं टिकलं, नुसत्या झेंडूवर बंद पडलं असतं आणि नुसत्या रॉकेलवर रुसलं असतं.

त्या मशीनने दोघांचेही कान अर्धे नेले. त्यामुळे आमच्या दोन्ही घरांत कुजबूज हा प्रकार नव्हता. दहावीला मी गणितात गेलो, तेव्हा अण्णांनी ही गोष्ट बाहेर कुठे कळू द्यायची नाही असं आईला बजावलं, आणि ते बजावणं एसटीची वाट बघत थांबलेल्या सगळ्यांनी ऐकलं. दादाचे कान अजून शाबूत आहेत, पण आवाज त्याने बापाचाच घेतला. चौकला जुन्या हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. मोटारसायकली आणि गवत कापायची यंत्रं तो दुरुस्त करतो. तो गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगत असला, की समोरच्या ढाब्यावर जेवणाऱ्यांनाही आपापल्या गाडीत काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागतं.

हा माणूस तोंडाने मशीन वाजवतो. अतिशयोक्ती वाटेल, पण लग्नात त्याला फर्माईश होते. त्याच्या भाचीच्या लग्नात जनरेटर बसला, डीजे गप्प झाला, वरात रस्त्यातच खोळंबली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, “दादा, मशीन होऊ दे.” त्याने एक हात तोंडाशी धरला. आधी थंड मशीनची दोरी ओढल्याचा कोरडा आवाज, मग चोक, मग दुसरी ओढ, आणि मग ते लागलं. थोडा वेळ जागच्या जागी गुरगुरून ते लाकडात शिरलं, आणि वरातीतली म्हातारी माणसं लाकूड ओळखायला लागली. एक म्हणाला ओला आंबा, दुसरा म्हणाला शिवण. दादाने मशीन मधेच बंद केलं. “शिवण एवढी रडत नाय रं. आंबाच हाय. पावसात पडलेला हाय.” आणि जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

कुठेही गेला की हा आधी खुर्ची उलटी करून बघतो, मग बसतो. कुठलं लाकूड, कुठे गाठ आहे, ओलं असतानाच रंधा मारलाय का, हे सगळं यजमानाला सांगतो. पळसदरीला एका मुंबईकराच्या बंगल्यावर गवताचं यंत्र द्यायला गेला होता, तेव्हा मालकांनी त्याला व्हरांड्यात उभं करून ऐकवलं, की तुम्ही स्थानिक लोकांनी झाडं तोडून डोंगर बोडके केलेत, आम्हाला वाईट वाटतं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि मग बोटाच्या पेराने त्यांच्या दारावर टकटक केली. “साहेब, ह्यो सागवान. आपल्याला दार पायजे म्हणून झाड आपल्याआप आडवं झालं का?” मालकांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत दादाने त्यांची खुर्चीही उलटी केली होती.

आबा गेल्यावर मशीन कायमचं त्याच्याकडे राहिलं, कारण अण्णा त्याआधीच गेले होते आणि मला नको होतं. आज ते त्याच्या बाहेरच्या खोलीत, आबांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून, एका वेगळ्या खुर्चीवर असतं. पाहुणे जमिनीवर बसतात. दर रविवारी सकाळी तो ते अंगणात नेऊन थोडा वेळ चालू करतो; काही कापत नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, “त्याला बरं वाटतं.” एका रिसॉर्टवाल्याने ते शोभेसाठी भिंतीवर टांगायला मागितलं, तेव्हा दादाने उत्तर दिलं, “बापाचा फोटो टांगतात शेठ, बाप नाय टांगत.”

आता माझी गोष्ट. मी नेरळला नव्या वसाहतीत राहतो आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही; शेजाऱ्याचा नळ गळत असला तरी मला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्यात आमच्या गच्चीतून डोंगर दिसतो. उन्हाळ्यात तो करपलेला दिसला की मला अण्णांचे हात आठवायचे, आणि सोसायटीतल्या लोकांना मी माझे वडील ‘लाकडाच्या व्यवसायात’ होते असं सांगायचो. गेल्या जुलैत आम्ही झाडं लावायचा कार्यक्रम केला. रोपं आणायला टेंपो हवा होता, म्हणून मी दादालाच सांगितलं. त्याने गॅरेज बंद ठेवून रोपं आणली. मी माईक घेतला. दोन शब्द बोलायचे होते, पण समोर बरीच माणसं होती, कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या वडिलांनी मशीनं चालवून या डोंगरांचं जे केलं, त्याबद्दल त्यांच्या वतीनं मी आपल्या सर्वांची माफी मागतो. टाळ्या झाल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मला फार हलकं वाटलं.

दादा टेंपोच्या फाळक्यापाशी उभा होता, दोन्ही हातांत रोपांच्या पिशव्या. त्याला माईकची गरज नव्हती. “एकट्याच्या वतीनं मागितलीस, का दोघांच्या?”

मी म्हणालो, “म्हणजे?”

“मशीन भागीत होतं. निम्मं माझ्या बापाचं. त्याची माफी मागायला तुला कोणी सांगितलं होतं?”

“दादा, आपण नंतर बोलू.”

“नंतर कशाला? टाळ्या आत्ता घेतल्यास. तुझा निम्मा हिस्सा ठेव. आमचा परत घे. हितंच, ह्याच लोकांसमोर.”

कोणीतरी हसलं. मीही हसलो, आणि ती माझी दुसरी चूक. दादाने पिशव्या खाली ठेवल्या, सगळी रोपं सावलीत नीट उतरवून दिली आणि टेंपो घेऊन निघून गेला.

त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, पण घरी येणं टाकलं नाही. आई आता माझ्याकडे असते. तो दर आठवड्याला तिच्यासाठी भाजी घेऊन यायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. मी समोर असलो तरी तिलाच म्हणायचा, “काकी, सेक्रेटरीला सांगा, त्यांच्या स्कूटरचा ब्रेक लागत नाय. मरतील.” मी म्हणायचो, “आई, त्याला सांग, उद्या आणतो.” ब्रेक त्याने दुरुस्त केला, पण माझ्याकडे न बघता. लहानपणापासून ज्याच्या आवाजाने मी हैराण होतो, तो एवढे दिवस माझ्याशी गप्प राहिला, की मला झोप लागेना.

शेवटी मी चौकला गेलो. तो एका गाडीची साखळी घट्ट करत होता. मी म्हणालो, “झाडं कापली नाहीत का त्यांनी? मी खोटं काय बोललो?”

बऱ्याच दिवसांनी तो थेट माझ्याशी बोलला. “कापली. का नाय म्हनू? पुलाच्या फळ्या, शाळेची बाकं, लोकांची घरं, पावसात पडलेली झाडं, सगळं कापलं. आन् तुझ्या बापाचं सरण माझ्या बापानं त्याच मशीननं कापलं, भर पावसात. तू छत्री धरून हुबा होतास.”

मी उभा होतो, हे खरं आहे.

“झाडाखाली चहा घेतल्याबिगर त्यांनी कधी दोरी वढली का? सांग.”

नव्हती ओढली. मला ते पाठ होतं. झाड कापायच्या आधी दोघं त्याच्याच सावलीत बसून चहा घेत. बसल्याशिवाय झाडाचा झुकाव कळत नाही, असं कारण अण्णा देत. वर घरटं दिसलं, पिल्लं असली, तर चहा पिऊन परत येत, आणि काम दुसऱ्याला गेलं तर जाऊ देत. कप रिकामा झाला की आबा उठून खोडावर हात ठेवत आणि काहीतरी पुटपुटत. त्यांना वाटे आपण पुटपुटतोय. ऐकू सगळ्यांना जाई. “येतो आता. रागवू नको.”

“त्यांना जे बोलायचं व्हतं ते त्यांनी झाडाला सांगितलं,” दादा म्हणाला. “पळसदरीचा तो मोठा आंबा कापल्यावर आबा दोन दिवस जेवला नाय. चुकलं म्हनाला, माझ्यासमोर म्हनाला. तुझ्या नेरळच्या लोकांना का सांगायचं ते? त्यांनी लावलाय का तो आंबा?”

मी परत येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “त्यांच्या अंगावरचा भुसा मी झाडला. डोळ्यांत गेला माझ्या. तुझ्या कुठं गेला? तू कशाला लाजतोस?” आणि भाजी निवडत राहिली.

पंधरा ऑगस्टला सोसायटीत झेंडावंदन होतं. मी दादाला निरोप धाडला, काकीने बोलावलंय म्हणून. तो आला आणि आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. राष्ट्रगीत झालं, लोकांचं लक्ष बटाटेवड्यांकडे गेलं, तेवढ्यात मी माईक धरला. म्हणालो, “जुलै महिन्यात मी इथे आमच्या वडिलांच्या वतीनं माफी मागितली होती. ती मी परत घेतो. ते दोघे लाकूडतोडे होते. त्यांनी झाडं कापली, त्या लाकडात तुमची-आमची घरं उभी राहिली, आणि कोणत्या झाडाला काय सांगायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. डोंगर वाचवायचा असेल तर आपण वाचवू. त्यासाठी मेलेल्या माणसांना आरोपी करायची गरज नाही. त्यांच्याबद्दल मला अजिबात लाज वाटत नाही.”

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी विचारलं, “म्हणजे झाडं काढून टाकायची का?”

“नाही काका. झाडांना पाणी घालायचं.”

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. लोक वड्यांकडे वळले. दादा जागचा हलला नव्हता. मी जवळ गेल्यावर म्हणाला, “म्या निम्मीच मागितली व्हती परत.”

“अण्णांची निम्मी माझ्याकडून.”

त्याने मान हलवली आणि झेंड्याकडे बघत राहिला. खरं तर ज्यांना ऐकवायला हवं होतं, ते दोघेही आता कुठल्याच सावलीत बसलेले सापडणार नव्हते. जो होता, त्याच्याकडे बघून मी माईकशिवाय म्हणालो, “त्या दिवशी चार माणसांत मोठं दिसायचं म्हणून मी माझ्या बापाला लहान केलं, आणि सोबतीला तुझ्याही बापाला ओढलं. तू हाक मारून सांगितलंस, तर हसलो. चुकलो, दादा.”