पाळण्याच्या पलीकडे

पांढरकवड्यात साताऱ्याकडची आमची चारच घरं. माझ्याकडे जेवायला बाकीचे तिघे हक्काने यायचे. चहाच्या हॉटेलात तिघे भेटले तेव्हा मी त्यांना मुलीच्या बारशाला सहकुटुंब घरी बोलावलं. तिघेही उठता उठता म्हणाले, "येतो हं."

बारशाला कोणी फिरकलं नाही. पाळण्याखालून बाळ घ्यायला पलीकडे बाई हवी. बायको ताटकळली होती. मी तणतणत एकाचं घर गाठलं.

"अहो, निघताना माणूस 'येतो'च म्हणतो ना!" तो हसला.

कापसाच्या सौद्यात शब्दाशब्दाला अडवणारा मी, तिथून तसाच मागे फिरलो. ते हसू अजून डोक्यात जातं.

परतलो तर शेजारच्या पिंजाऱ्याची बायको पाळण्यापलीकडे बसलेली. "भाभी, कशी घेऊ? मले नाही माहीत."

"हात पुढे करा," बायको म्हणाली, "आता कोणाची वाट बघायची नाही."