दोनशेबाईची काळी फळी

मॉल्टच्या कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. दोनशेबाई म्हणत.

जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, वाळवायचे, ही कामं इतरांची. वाळलेले जव खोलीएवढ्या लोखंडी पिंपात फिरवत काळे होईपर्यंत भाजायचे, हे काम तिचं. काळ्या बिअरला, म्हणजे स्टाउटला, रंग आणि चव मिळते ती या भाजलेल्या जवांमुळे. पिंप दोन मिनिटं आधी थांबवलं तर बिअर तांबडी उतरते. दोन मिनिटं उशीर झाला तर पिंपातच आग लागते. कधी थांबवायचं हे ती धुराच्या वासावरून ठरवायची. घाणा बाहेर काढला की त्यातले मूठभर दाणे फरशीवर पसरायचे आणि चावून बघायचे. घाणा जमला की नाही, ते तिथे ठरायचं.

नवीन माणूस हमखास घाई करायचा. गरम दाणा तोंडात टाकायला जायचा आणि ती त्याचं मनगट धरायची. "आधी दोनशे मोज."

"एवढे कशाला, बाई?"

"गरम दाणा जीभ भाजतो. चव सांगत नाही. मोज."

एकतीस वर्षं तिने हेच सांगितलं. मग कारखान्यात नवं यंत्र आलं. ते स्वतःच रंग मोजायचं, स्वतःच थांबायचं. निरोपाच्या दिवशी तिने चार पत्र्याच्या डब्यांत चार प्रकारचे भाजलेले जव मागून घेतले. बदामी, तांबूस, गडद आणि पार काळे. साहेब म्हणाले, घड्याळ देणार होतो. ती म्हणाली, घड्याळ आहे.

घरी बसणं तिला जमलं नाही. धाकट्या भावाचं बिअरचं दुकान होतं, तिथे ती जाऊ लागली. झाडायची, बाटल्या पुसायची, रिकामे क्रेट मागच्या दाराशी रचायची. दुकानात तीन फ्रिज होते. तिसऱ्या फ्रिजच्या अगदी खालच्या फळीवर काळ्या बिअरच्या बाटल्या होत्या. सव्वीस प्रकारच्या. त्यांच्यावर इतकं हिमाचं पांढरं बसलेलं असायचं की लेबलं वाचता येत नसत.

"ही फळी काढतोय," भाऊ एका सकाळी म्हणाला. "तिथे साधी बिअर भरतो. हे डांबर कोणी घेत नाही."

"डांबर?"

"ताई, रागावू नकोस. मी स्वतः पिऊन बघितलंय. सगळ्या सारख्याच. कडू पाणी."

तिने हातातलं फडकं पिळलं आणि खिळ्याला टांगलं. या बाटल्यांमधले निम्मे जव तरी तिच्या हाताखालून गेले असतील. पण खरं सांगायचं तर त्या बिअरची चव तिलाही नीट माहीत नव्हती. कामाची पाळी संपली की तिला थंड पाणी आणि अंथरूण लागायचं, बिअर नव्हे.

"सव्वीसच्या सव्वीस वाईट असतील असं मला वाटत नाही," ती म्हणाली.

"मग शोध चांगली." भाऊ स्वभावाने गरीब होता, पण बहिणीशी वाद घालताना त्याला जोर चढायचा. "कोपऱ्यावर नवा बार होतोय. त्याचा मालक पेल्यात बिअर सोडायच्या नळावर एक काळी बिअर ठेवणार आहे. सहा आठवड्यांनी दुकानात चव घ्यायला येतोय. तुझ्या फळीतली एक जरी त्याने निवडली, तरी फळी राहिली. नाही निवडली तर मी ती काढणार, आणि तू मध्ये पडायचं नाहीस."

"सहा आठवडे?"

"सहा आठवडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिने पहिली बाटली उघडली. दहाची वेळ तिने ठरवून धरली होती. कारखान्यातही पहिला घाणा दहालाच निघायचा. त्याआधी ती चहा घेत नसे, म्हणजे जीभ कोरी राहते. दिवसाला एकच बाटली. पेलाभर ओतायची, वास घ्यायचा, चार घोट, मध्ये कोरड्या पावाचा तुकडा, आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नोंद.

भावजय डबा घेऊन आली तेव्हा हे चाललेलं. ती दारातच थांबली. "ताई, सकाळी दहाला बसणारी बाई या गल्लीत तुम्ही एकट्याच."

"बसलेली नाही. उभी आहे."

"तेही दिसलं."

पहिल्या बाटलीपुढे तिने लिहिलं, कडू, पातळ. दुसरीपुढेही तेच. पाचव्या दिवशी तिने नुसत्या खुणा करायला सुरुवात केली, कारण लिहायला नवं काही नव्हतं. भाऊ गल्ल्यावरून बघायचा आणि परत हिशेबाला लागायचा. ते तिला लागायचं. आठव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिला वाटलं, कदाचित यंत्र आणलं ते बरोबरच होतं. आपण आयुष्यभर दाणे चावले, आणि त्यातून निघालं ते हे.

नवव्या दिवशी बाटली उघडून तिने दोन घोट घेतले, तेवढ्यात माल उतरवायला गाडी आली. पेला तिने मागच्या मोरीच्या खिडकीत ठेवला आणि क्रेट मोजून घ्यायला गेली. मग एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. तासाभराने ती पेला धुवायला परत गेली. ओतून देण्याआधी घोट घेतला, कारण चाखल्याशिवाय काही फेकायचं नाही, ही तिची जुनी सवय.

ती तशीच उभी राहिली.

पावाची करपलेली कड. त्यामागून काकवी. मग कडू चॉकलेट, आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, तिच्या पिंपाचा वास. धूर पांढऱ्याचा निळा होतानाचा.

तिने आणखी एक घोट घेतला. मग रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसली.

फ्रिज. भावाने तिन्ही फ्रिज शेवटच्या आकड्यावर लावून ठेवले होते, कारण साध्या बिअरला ते लागतं. आणि ती रोज सकाळी फ्रिजमधून बाटली काढून तशीच ओतत होती. पोळलेली जीभ आणि बधिर जीभ, दोघी मुक्या. एकतीस वर्षं ज्या चुकीसाठी तिने लोकांची मनगटं धरली, तीच चूक नऊ दिवस, रोज दहाच्या ठोक्याला, तिने स्वतः केली होती. दुसऱ्या टोकाकडून.

ती पुठ्ठा घेऊन गल्ल्यापाशी आली आणि भावासमोर त्याचे दोन तुकडे केले.

"काय झालं?"

"नऊ दिवस फुकट घालवले. उद्यापासून परत पहिलीपासून."

"परत पहिलीपासून? मग रोज दोन-दोन तरी उघड. वेळ भरून निघेल."

"दुसरीची चव पहिलीच्या खांद्यावर बसून येते. दिवसाला एकच."

त्याच संध्याकाळी तिने सव्वीसही प्रकारच्या बाटल्या फ्रिजमधून काढल्या आणि माडीच्या जिन्याखालच्या कोनाड्यात, ऊन येत नाही तिथे, लाकडी फळीवर उभ्या केल्या. फळीवरची धूळ आधी पुसली, मग ओल्या फडक्याने पुसली, मग वाळू दिली. रोज सकाळी कोनाड्यातली बाटली ती थोडा वेळ पाण्याच्या बादलीत ठेवायची. बाटली गालाला लावल्यावर गार वाटली पाहिजे, पण गालाने मागे सरायचं नाही. एवढंच तिचं मोजमाप.

आता पुठ्ठा भरू लागला. एकीचा काळेपणा नुसता वरून लावलेला होता, जवाचा नव्हता. ती म्हणाली, "हिला साखर जाळून रंगवलीय," आणि बाटली बाजूला ठेवली. एकीचे जव चांगले होते पण घाईने थंड केलेले. एकीत ओट्स होते, साय खाल्ल्यासारखी जिभेवर पसरली. एक इतकी दाट की पेला तिरका केला तर काचेवर तिचा पडदा उतरायचा. प्रत्येक वेळी ती डब्यातला दाणा चावून ताडून बघायची. हा तांबूस, हा गडद, इथे दोन्ही मिसळलेत. सव्वीस दिवसांनी सात उरल्या. पुढचे सात दिवस त्या सातांना पुन्हा एकेक. शेवटी चार.

त्यातल्या तिसरीचं लेबल वाकडं चिकटवलेलं होतं. तिच्यापुढे तिने लिहिलं होतं, हिचा जव कोणीतरी माझ्यासारखा खडूस माणूस भाजतो.

बारवाला आला तो दुपारी चारला, ठरल्या दिवशी. जाडजूड माणूस, बोटांना अजून बारच्या नव्या रंगाचे डाग. त्याच्याबरोबर एका मोठ्या कंपनीचा एजंट होता. त्याने आपली बाटली बर्फाच्या पिशवीतून आणली होती. लेबल सोनेरी.

दोनशेबाईने चार बाटल्या सकाळपासून दुकानाच्या खिडकीत काढून ठेवल्या होत्या. ती पेले धुवून मोरीतून बाहेर आली आणि बघते तर खिडकी रिकामी.

"बाटल्या?"

भावाने अभिमानाने टेबलाखालची बादली दाखवली. बादलीत बर्फ, आणि बर्फात मानेपर्यंत तिच्या चार बाटल्या. "ताई, कोमट होत्या. अगं पाहुण्यांसमोर कोमट बिअर ठेवणार होतीस? अर्धा तास झाला घालून. मस्त गार झाल्यात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला, पण नेमकं काय चुकलं ते त्याला कळलं नव्हतं.

"माझ्याकडे वीस मिनिटं आहेत," बारवाला म्हणाला.

"पुरतील," ती म्हणाली.

ती मोरीत परत गेली. पाच पातळ काचेचे रुंद पेले कोमट पाण्याने विसळले. बाहेर येऊन प्रत्येकात दोनच बोटं बिअर ओतली. कमी असली की लवकर ऊब धरते. चार पेल्यांत आपल्या, पाचव्यात एजंटची. बाटल्या टेबलाखाली.

"हा तुम्ही धरा." एक पेला तिने बारवाल्याच्या हातात दिला. "दोन्ही तळव्यांत. पाखरू धरल्यासारखा."

"बाई, मी गिऱ्हाईक आहे की भट्टी?"

"सध्या दोन्ही."

तो हसला आणि पेला धरला. एजंटच्या हातात तिने त्याचाच पेला दिला, तिसरा भावाच्या हातात कोंबला. उरलेले दोन तिने स्वतःच्या एकेका तळव्यात घेतले. तिच्या तळव्यांची कातडी जुन्या चामड्यासारखी होती, पण आत ऊब भरपूर.

"आमची बिअर बर्फासारखीच प्यायची असते," एजंट म्हणाला.

"बर्फात सगळ्या सख्ख्या बहिणी. ओळख पटायची तर त्यांना बाहेर यायला हवं."

"आणि तोवर आम्ही काय करायचं?" बारवाला म्हणाला.

"चावायचं. धाकट्या, डबे उघड."

भावाने पेला एका हातात सांभाळत डबे उघडले. तिने बारवाल्याला बदामी दाणा खायला लावला, मग तांबूस, मग गडद, मग काळा. धुराचा रंग कसा बदलतो ते सांगितलं. एकदा पिंपाला आग लागली तेव्हा दोन घाणे कसे मातीत गेले, तेही सांगितलं. बारवाला काळा दाणा बराच वेळ चघळत राहिला. त्याने घड्याळ पाहिलं नाही. भाऊ मात्र पेला धरून परीक्षेला बसल्यासारखा उभा होता.

सतरा मिनिटांनी तिने एक पेला गालाला लावला. "आता."

एजंटची बिअर आधी. बारवाल्याने घोट घेतला, थांबला, परत घेतला. "मागच्या आठवड्यात तुमच्याकडे प्यायलो तेव्हा चांगली लागली होती."

"गार होती," एजंट म्हणाला.

"आता गोड पाणी लागतंय." तो तिच्याकडे वळला. "असं का?"

"जवाने काळी झाली नाहीय ती. काळा दाणा आत्ताच चावलात. तो कुठे लागतोय का बघा."

त्याने तिसरा घोट घेतला आणि मान हलवली. कुठेच नव्हता.

मग तिच्या चार. पहिलीला त्याने मान डोलावली. दुसरीला, ओट्सवालीला, "ही माझ्या आईला आवडेल" म्हणाला. तिसरी, वाकड्या लेबलाची. त्याने घोट गिळला. पेला तळापर्यंत रिकामा केला, मग त्यात नाक घालून वास घेतला.

"गिळून झाल्यावर येतं ते काय आहे?"

"काळा दाणा. आणि तो भाजणाऱ्याने केलेली वाट बघणं."

"चौथी बघायची राहिली," एजंट म्हणाला.

"चौथी बघतो. पण नळावर ही." बारवाला उठून उभा राहिला. "आणि बाई, माझी माणसं बर्फातून काढून ओततील. त्यांना शिकवायला तुम्हाला यावं लागेल."

"सकाळी येईन. दहानंतर. दहाला मला काम असतं."

एजंटने आपली बाटली पिशवीत भरली. जाताना मात्र त्याने डब्यातला एक काळा दाणा उचलून तोंडात टाकला, आणि तिने ते पाहिलं.

त्या आठवड्यात भावाने स्वतः भोकं पाडून लाकडी फळी ठोकली. जिन्याखाली नाही, दुकानात, दारातून आत आल्याबरोबर नजर पडेल अशा आतल्या भिंतीवर. तिने फळीवर पाण्याची ताटली ठेवून पातळी तपासली. एका बाजूला गव्हाएवढी फळी उतरत होती. त्याने ती काढून परत ठोकली.

फळीवर चार बाटल्या आधी लागल्या. मग बारमधून उठून लोक शोधत येऊ लागले, तसतशी फळी भरत गेली. तिने पसंत केल्याशिवाय एकही वर चढत नसे.

एका सकाळी दहाला तिने नवी बाटली ओतली. भाऊ गल्ला सोडून जवळ आला आणि दुसरा पेला पुढे केला. तिने त्यातही ओतली. त्याने पेला तळव्यांत धरला आणि ओठ हलवत मोजायला लागला. एकशे चाळीसला त्याचा हात वर गेला.

"साठ राहिलेत," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतला.