छपरावरचा जनरेटर

देवाजी दिघोरे रागीट होता, हे गावात कुणीही सांगेल. तो का रागावला हे मात्र कुणी सांगत नाही. जाळ्याच्या गाठी मारता मारता माणूस एकाएकी शिव्या देऊ लागला, तर लोक म्हणायचे, म्हातारपण. म्हातारपण कसलं डोंबलाचं! एका जनरेटरचा राग होता तो, आणि अगदी रास्त होता.

साकोली तालुक्यातल्या त्या तलावावर सरकारी खात्याची सहलीची मोटरबोट होती. वीस माणसांची, लाकडी, वर पत्र्याचं छप्पर. देवाजी तिचा चालक. जातीने ढिवर, म्हणजे पाण्यावरच वाढलेला. बहात्तर सालापासून तो ती बोट चालवत होता, पण रोजंदारीवर. कायम करा म्हणून दरवर्षी त्याचा अर्ज जायचा आणि दरवर्षी कुठल्याशा टेबलावर झोपी जायचा.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात नवे साहेब आले. पाहुण्यांसाठी संध्याकाळची फेरी सुरू करायची, बोटीत दिवे हवेत, पंखे हवेत, गाणी हवीत, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यासाठी जनरेटर आला. तो उचलताना चार गड्यांना घाम फुटला. बोटीत ठेवला तर धूर पाहुण्यांच्या नाकात जाणार आणि आवाजाने गाणी ऐकू येणार नाहीत, म्हणून साहेबांनी फर्मावलं, छपरावर बसवा.

देवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच ओल्या धोतराने कचेरीत शिरला.

"साहेब, ते वज्जन वर नोका ठेवू. बोट पलटन."

"इंजिनिअरने कागदावर मांडून पाहिलंय," साहेब म्हणाले.

"कागद पाण्यावर चालला असता, त मले कायले ठेवलं असतं? अजी, बदकं उडाले का सारे लोक एका बाजूले धावतेत. लेकरं त पयले. आता बोट झुकते अन् सोताच सावरते. वर वज्जन असलं त सावरन का?"

साहेबांनी खिडकीतून बोटीकडे पाहिलं. "धावतात, हे मीही पाहिलंय," ते म्हणाले. "तू त्यांना बसवून ठेव. वळण हळू घे."

म्हणजे बोट झुकली तर चूक देवाजीच्या वळणाची! उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण शेळी बुडाली तर दोषही शेळीचाच ठरवणारा हा पहिलाच.

बाहेर कारकून परसराम कागद घेऊन उभा होता. 'जनरेटर बसवल्यानंतर बोट सुरक्षित असल्याची चालकाने खात्री केली आहे.' खाली सहीची जागा.

"देवाजीभाऊ, सही करून टाका," तो हळूच म्हणाला. "तुमच्या कायमच्या नोकरीचा कागदबी सायबाच्याच टेबलावर आहे. पाण्यात राहून माशासंग वैर काहून करता?"

"मासे त मी रोजच धरतो," देवाजी म्हणाला. सही त्याने केली नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. अकरा वर्षं होती ती. त्याच्या बायकोने, पंचफुलाने, या नोकरीच्या भरवशावर दोन मुलींना शाळेत घातलं होतं. कागद खिशात घालून तो घरी गेला, आणि भाकरी न खाता तसाच बसून राहिला.

रविवारी सकाळी जनरेटरसकट पहिली फेरी. तलावाच्या पाळीवर नागपूरची सहल उतरली होती. बायका, पोरं, टोप्या, डबे. छपरावर जनरेटरला झेंडूचा हार. साहेबांच्या पत्नी उषाबाई नारळ घेऊन आल्या होत्या, बरोबर त्यांची दोन मुलं. नारळ फुटला. परसरामने पेन पुढे केलं. "सही, देवाजी," साहेब म्हणाले.

देवाजीने बोटीकडे पाहिलं. नुसत्या लाटेनेसुद्धा ती जास्तच डुलत होती, आणि परत यायला वेळ लावत होती.

"करतो सही," तो म्हणाला. आवाज साऱ्या पाळीला ऐकू गेला. "पन आमच्या ढिवरायची रीत आहे. नवा डोंगा पाण्यात टाकला का घडवनाऱ्याची बायको अन् लेकरं पयले बसतेत. मंधातल्या पाण्यातून फिरून येतेत, मंग गाव बसते. माह्या बापानं माह्या मायले बसवलं, मी पंचफुलाले बसवलं. ही बोट तुम्ही नवी घडवली, साहेब. बाईसायबाले बसवा."

उषाबाई हसल्या. "छान आहे की रीत! चला रे," म्हणत त्यांनी धाकट्याचा हात धरला आणि फळीवर पाय ठेवला.

"नको," साहेब म्हणाले.

"का हो?"

"नको म्हटलं ना! उतर खाली." त्यांनी पोराचा दंड असा खेचला की ते रडायलाच लागलं.

सहलीतल्या एका आईने आपली पोरगी जवळ ओढली. मग दुसरीने. बोटीत कुणी चढेना. अर्ध्या तासात चार गड्यांनी जनरेटर खाली उतरवला, हारासकट. पुढे तो साहेबांच्या बंगल्यामागे धडधडत असायचा, आणि बोट होती तशी दिवसाच फिरत राहिली.

कायमचा कागद अर्थातच निघाला नाही. पुढची चौदा वर्षंही देवाजी रोजंदारीवरच राहिला. गावाने मात्र त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. काय जिरवली सायबाची! देवाजी त्यावर एकदाही हसला नाही.

त्या रविवारी दुपारी पंचफुलाने ताट वाढलं. "आता कायचा राग? तुमचंच त खरं झालं."

देवाजीने ताट बाजूला सारलं.

"मले वाटे, त्याले समजत नाई," तो म्हणाला. "शिकेल मानूस, पानी नाई पायलं, सांगतलं त समजन. पन त्याले समजत होतं, पंचफुला. पयल्या दिवसापासून समजत होतं. लोकायच्या लेकरायले बसवून राहिला होता तो, समजून."