टेपचं दुमडलेलं टोक

कम्युनिटीतल्या मेकॅनिक मंडळींनो, नाशिकच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज दुपारचंच आहे.

हरसूलचे काशिनाथभाऊ गाडी घेऊन आले. ते पाड्यावरचे पेशंट दवाखान्यात पोचवतात. बटण दाबूनही फोर-व्हील लागत नव्हतं, म्हणजे चढावर चारही चाकांना जोर मिळत नव्हता.

"परवा चढावर बाळंतीण उतरून चालली वो. एक जण म्हणला, फोर-व्हीलची मोटर गेली."

मी मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला. लगेच फिरली. म्हणजे दोष वायरिंगमध्ये. गाडीखाली शिरून टेस्ट लॅम्प लावत गेलो. एका जॉइंटच्या अलीकडे दिवा पेटला, पलीकडे नाही.

टेप काढली. वायरी नुसत्याच पिळलेल्या, सोल्डर नाही, हिरवा गंज चढलेला.

"कोणी केलंय हे?" भाऊंनी वाकून विचारलं.

पुढे उघडायला सोपं जावं म्हणून टेपचं टोक दुमडलेलं होतं. ती सवय माझी. मागच्या वर्षी घाईत मीच केलेला जॉइंट.

'माहीत नाही' अगदी ओठांवर आलं होतं. तुमच्या येत नाही का, खरं सांगा.

"मीच," म्हणालो.

एरवी दोष सापडला की भाऊ समोरच्या टपरीवर चहाला जातात. आज सोल्डर होईपर्यंत शेजारी उकिडवे बसून माझ्या हातांकडे बघत राहिले.