डाव्या पायाचा आवाज

धावण्याचं वेड आमच्या घरात ह्यांनी आणलं. हे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, मी शाळेत मराठी शिकवते. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी टीव्हीशिवाय कुणी बोलेनासं झालं. तेव्हा एके दिवशी हे धावायचे बूट घेऊन आले. वर्षभरात मलाही ओढलं. पहाटे आम्ही घरातून एकत्र निघायचो, पण विजापूर रोडला लागलं की ह्यांची पाठ मला थोडाच वेळ दिसायची. मग वळून परत येताना समोरून हात वर करून हसायचे आणि निघून जायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ह्यांनी पुढे असायचं आणि मी मागे, हे ठरूनच गेलं होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर ह्यांनी पूर्ण मॅरेथॉन धावायची ठरवली. बेचाळीस किलोमीटर, बाहेरगावी, फेब्रुवारीत. तिकिटं काढली, राहायची सोय केली. त्याआधी डिसेंबरात सोलापुरातच एक अर्धी मॅरेथॉन होती, ती म्हणजे तालीम. त्यात मीही नाव घातलं होतं.

त्या सकाळी हवा छान होती. धावायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. माझी लय लागली होती. शेवटचे चार-पाच किलोमीटर राहिले असतील, तेव्हा पुढे हिरव्या टी-शर्टातली एक पाठ दिसली. मी आधी ओळखलंच नाही. ह्यांनी एव्हाना पोचून केळं खात उभं असायला हवं होतं.

जवळ गेले तसा आवाज ऐकू आला. उजवा पाय नेहमीसारखा पडत होता. डावा मात्र दर वेळी रस्त्याला घासून पुढे येत होता, चपलेचा अंगठा तुटलेला माणूस चालतो तसा. आणि डावा हात हलतच नव्हता, नुसता पोटाशी धरलेला होता.

"अहो, काय झालं? पाय मुरगळला का?"

"नाही गं. दुखत काहीच नाही."

"मग?"

"काय माहीत. तू हो पुढं."

दुखतंय म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. मी थोडं अंतर बरोबर धावले, तर हे चिडले. "माझ्यासाठी तुझं टायमिंग घालवू नको." मग मी पुढे गेले. बराच वेळ मागून तो घासण्याचा आवाज येत होता, नंतर तो धावणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला लावलेल्या बँडच्या आवाजात बुडाला.

मी पोचले, पदक घेतलं, पोह्यांची प्लेट हातात धरून उभी राहिले. आमच्या ग्रुपमधले सगळे येऊन गेले. प्लेटमधले पोहे गार झाले. शेवटी हे आले. घड्याळ बंद केलं, आकडा बघितला. मी जवळ जाऊन चेहरा बघितला. राग नव्हता, थकवा नव्हता, वाईट वाटल्याचंही काही दिसत नव्हतं. चेहरा कोरा होता. एवढ्या वर्षांत मी तसा चेहरा कधी पाहिला नव्हता.

आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, मूळचे मंगळवेढ्याचे. त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "सर, लई मनाला लावून घिऊ नका की! एखादा दिस येतोच असा. माझा तर धा वेळा आलाय."

"व्हय, येतो," हे म्हणाले. त्यांच्याशी बोलताना हे नेहमी त्यांच्यासारखंच बोलायचे. पण आवाजात गंमत नव्हती.

पुढचे काही दिवस घरात त्या रेसशिवाय दुसरा विषय नव्हता. आदल्या दिवशी लग्नाला गेलो, तिथं जेवण जड झालं. झोप कमी पडली. बूट जुने झाले. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, म्हणून मीही प्रत्येकाला मान डोलावली. नवी पेठेत जाऊन नवे बूट आणले. आणि ह्यांनी सराव वाढवला. माझ्यासाठी न थांबता अंधारातच निघायला लागले. मी दार लावून घेताना जिना उतरणारी पावलं ऐकू यायची. प्रत्येक पायरीवर एक पाऊल स्वच्छ, एक घासलेलं.

जानेवारीत मी बूट धुऊन गॅलरीत वाळत घातले. उजवा बूट अजून दुकानातून आणल्यासारखा होता. डाव्याचं पुढचं टोक झिजून आतलं कापड दिसायला लागलं होतं. मी तो ह्यांच्यापुढे धरला.

"डॉक्टरांना दाखवू या का एकदा?"

"बुटाला डॉक्टर कशाला? कंपनी भिकार निघाली." हे वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. मग जरा वेळानं, "एक रेस वाईट गेली म्हणून तू मला पेशंट करू नको."

मी तो बूट परत गॅलरीत नेऊन ठेवला. पण त्यानंतर मला भीतीच वाटायला लागली. सदऱ्याची बटणं लावताना हे किती वेळ घेतात, जेवताना डावा हात मांडीवर कसा पडून राहतो, हे सगळं मला दिसायला लागलं. एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी भाजी आणायला गेले होते. जाताना दूध तापत ठेवलं आणि ह्यांना सांगितलं, "उतू जायच्या आत बंद करा." परत आले तर जिन्यातच वास आला. गॅसचा, नाकात घुसणारा. मी पिशव्या तिथंच टाकल्या, किल्लीनं दार उघडलं. हे हॉलमध्ये खुर्चीत बसून पेपर तपासत होते. स्वयंपाकघर आणि त्यांच्यात सहा पावलं असतील.

मी ओरडले, "अहो, बाहेर व्हा!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी आत धावले. दूध ओट्यावरून खाली जमिनीवर आलं होतं, शेगडी विझली होती आणि बटण चालूच होतं. ते फिरवलं, खिडक्या उघडल्या, ह्यांना हाताला धरून बाहेर जिन्यात आणलं. दोघंही पायरीवर बसलो. 

"वास नाही आला तुम्हाला?"

"कसला?"

मी उघड्या दाराकडे बोट दाखवलं. हे खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला वास यायचा बंद झालाय. बरेच दिवस झाले. सर्दीनं असेल म्हणून बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर ह्यांनीच विचारलं, "डॉक्टरांची वेळ घेतलीस का?"

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ह्यांना तपासलं, माझ्याकडे बघितलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मेंदूचे डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी ह्यांना बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये चालायला लावलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं. उजव्या हाताची बोटं भराभर चालली. डावी सुरू झाली, मग त्यांची हालचाल लहान लहान होत थांबली. हे स्वतःच्या बोटांकडे दुसऱ्या कुणाची असल्यासारखे बघत होते.

"लिहिताना काही फरक जाणवतो?"

"लिहितो उजव्या हातानं," हे म्हणाले. थांबले. "पण मागच्या बाकावरची मुलं म्हणतात, सर, फळ्यावर अक्षर बारीक झालंय."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. पाय, हात, अक्षर, वास, सगळं त्याचंच म्हणाले. पुढे बरंच समजावून सांगितलं, गोळ्यांबद्दल, व्यायामाबद्दल. मला त्यातलं फारसं आठवत नाही. ह्यांनी मात्र एकच विचारलं, "फेब्रुवारीत मॅरेथॉन आहे माझी. धावू ना?"

डॉक्टर हसले नाहीत. "धावणं सोडूच नका. पण बेचाळीस या वर्षी नको. गोळ्या कशा लागू पडतात ते बघू."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

बाहेर पार्किंगमध्ये ह्यांनी स्कूटर काढली, पण सुरू केली नाही. हँडल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी रेसमध्ये कमी पडलो नव्हतो." आवाज सुटल्यासारखा, जवळजवळ आनंदी होता. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.  त्या एका रेसनं ह्यांना इतकं पोखरलं होतं की त्यापुढे आजार परवडला.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत पाऊल बरंच उचलायला लागलं. ग्रुपमध्ये ह्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. मुलीला फोनवर मी सांगितलं. मॅरेथॉनची तिकिटं रद्द केली.

त्या मॅरेथॉनच्या रविवारी आम्ही संभाजी तलावाकडे धावायला गेलो. हे माझ्याबरोबर, माझ्या वेगानं धावले. बरे धावले. मधे एकदा पुढेसुद्धा गेले. परतताना रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला आणि बाकावर बसलो.

"पुढच्या वर्षी तू पूर्ण धाव," हे म्हणाले. "शेवटचे दहा किलोमीटर मी तुझ्याबरोबर येतो."

"या की," मी म्हणाले.

तेव्हा माझी नजर खाली गेली. ह्यांचा डावा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा थरथरत होता, बारीक, एका लयीत. तोपर्यंत तसं कधी झालं नव्हतं. मी बघतेय हे ह्यांच्या लक्षात आलं. ह्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि उजवा हात त्या हातावर ठेवून दाबून धरला.

"गारठा आहे अजून," हे म्हणाले.

ऊन चांगलंच वर आलं होतं. मी मानेनंच हो म्हटलं आणि दोघांचे ग्लास परत द्यायला उठले.