लॉगबुकातला डी.एन.सी.ओ.

“एका येळी एकच ओळ,” असं म्हणत म्हातारबा पेपरातल्या ओळीखाली फुटपट्टी धरायचे आणि खालचं सगळं तळहातानं झाकून टाकायचे. वायुदलात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. म्हातारपणी मुरगूड सोडून ते कोल्हापूरला मुलाकडे राहायला आले आणि रोज सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पेपर वाचायला येऊ लागले. मी तिथला ग्रंथपाल. पेपरात चूक सापडली की ज्याचा चेहरा खुलतो, असा एखादा म्हातारा तुमच्याही ओळखीत असेल.

मागच्या वर्षी कॉलेजनं युद्धात लढलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा फलक लावायचं ठरवलं. इथंच शिकलेल्या एका दिवंगत वैमानिकाची मुलगी वडिलांचं उड्डाणांच्या नोंदींचं लॉगबुक घेऊन ग्रंथालयात समितीच्या बैठकीला आली. समितीच्या अध्यक्षांनी एकाहत्तरच्या लढाईचं पान उघडलं. एकाच मोहिमेची नोंद होती आणि शेरा होता, डी.एन.सी.ओ. त्यांनी मोबाइलवर अर्थ शोधला. ‘कामगिरी पार पाडली नाही.’

“म्हणजे हे अर्ध्यातनं परत आले. नाव नको.”

मुलगी लॉगबुक पिशवीत ठेवू लागली.

“थांबा बाई. म्होरलं कोण वाचणार?” म्हातारबा उठून आले. शेऱ्यापुढे बारीक अक्षरं होती: नं. २ आर/टी यू/एस, एस्क. बेस.

“यू/एस म्हणजे अमेरिका,” अध्यक्ष म्हणाले.

“अमेरिका कुठनं आली ह्यात? यू/एस म्हंजे बिघडलेलं. आर/टी म्हंजे रेडिओ. जोडीच्या विमानाचा रेडिओ बंद पडला, त्याला सोबत करून सायबांनी तळावर आणलं. एक जीव वाचवून आणलाय ह्या माणसानं!”

“तुम्ही नट आवळणारे. वैमानिकांचं तुम्हाला काय कळणार?”

“व्हय, आवळलेत की. आम्ही आवळले म्हणून तर ही विमानं परत आली.”

तरी नाव गाळलंच.

अनावरणाच्या दिवशी ते इस्त्रीच्या शर्टावर पदकं लावून आले. फलकावरचा पडदा सरला तसे उभे राहिले आणि ती नोंद अक्षर न् अक्षर फोडून सगळ्या सभागृहाला मोठ्यानं सांगितली.

“खाली बसा,” अध्यक्ष ओरडले.

“नाव लिवा, बसतो.”

गुडघे दुखत असतानाही भाषणं संपेपर्यंत ते उभेच होते. जरा वेळानं ती मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग मीही. मग मागच्या रांगा उठू लागल्या. आठवड्याभरात पेंटर आला आणि नाव लिहून गेला.

यंदा म्हातारबा गेले. त्यांच्या मुलानं सर्व्हिस बुक आणून दिलं, तेव्हा कळलं की तेही एक वर्ष याच कॉलेजात होते. एकाहत्तरला आघाडीजवळच्या तळावर होते. स्वतःच्या नावाबद्दल ते एकदाही बोलले नव्हते.

त्यांचंही नाव फलकावर यावं म्हणून मी अर्ज केला. “हे कुठं लढले?” समितीनं विचारलं. सर्व्हिस बुकात लढाईच्या महिन्याच्या पानावर तीन अक्षरांचा एक शेरा आहे, तो मला लागत नाही आणि विचारायला ते नाहीत. सोडून द्या म्हणतात. मी सोडलेलं नाही.