चुकलेल्या उत्तराचं गणित

हिरालालभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवापूरला मुलीकडे होते. त्यांचा मुलगा "आत्या, पप्पा सकाळी गेले…" एवढंच म्हणाला. मीच आपली काहीबाही विचारत राहिले. घरी होते की दवाखान्यात, रात्री जेवले होते का… माणूस गेल्यावर त्याच्या जेवणाची चौकशी करणारी मी एकटीच नसेन. त्यांच्या गावी, प्रकाशाला, पोचले तेव्हा तापीच्या काठावरून लोक परतत होते. शेवटचं दर्शन हुकलं. मी कुठंही उशिराच पोचते म्हणून ते मला आयुष्यभर चिडवत आले. त्या दिवशी मात्र चिडवायला तेच नव्हते, आणि ते मला सोसवेना.

आमचं नातं रक्ताचं नव्हे, शाळेचं. शहाद्याजवळच्या एका हायस्कुलात ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. भांडणंही शेजाऱ्यांसारखीच, रोजची. माझा तास ते सर्रास खाऊन टाकत. मी दाराशी जाऊन उभी राहिले की आतूनच म्हणत, "ताई, पाच मिन्ट. पोरं इचार करी ऱ्हायनात." मी रागानं अगदी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे, की त्यांना आणखीच हसू यायचं. मधल्या सुट्टीत मग खिशातले भाजके शेंगदाणे मूठभर माझ्यापुढं ठेवायचे. तेवढ्यावर आमचं मिटायचं.

पोरं कसला विचार करत असतात, ते मी एकदा वर्गात मागं बसून पाहिलं. बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद वाफ्याचं क्षेत्रफळ विचारलं होतं. एक मुलगी म्हणाली, चाळीस. वर्ग खिदळला. भाऊ मात्र सोन्याचा दागिना हाती लागल्यासारखे खूश. "हसू नका," म्हणाले, "चाळीस हे कुठल्यातरी गणिताचं बरोबर उत्तर असणारच. ते गणित शोधा." पोरं वह्यांत डोकी घालून बसली. थोड्या वेळानं मागून एक जण ओरडला, "सर, कुंपन! कुंपनले तार चाळीस मीटर लागी!" भाऊ त्या मुलीकडं वळून म्हणाले, "म्हणजे तू वाफ्याभोवती फिरून आलीस. रस्ता बरोबर होता. आता आत ये." ती मुलगी उठली आणि न सांगता बाराला आठनं गुणून गेली.

ही त्यांची रीत. चूक खोडायची नाही, तिचं गणित शोधायचं. काही उत्तरं अशी अचाट यायची की त्यांचं गणित कोणालाच सापडत नसे. ती फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात जायची, 'बेवारस' अशा मथळ्याखाली. ती पुसायची नाहीत असा दंडक होता. एकदा शिपायानं सगळा फळा ओल्या फडक्यानं लख्ख पुसला, तर भाऊ दिवसभर फुगून बसले. मी म्हटलं, "अहो, चुकीचीच तर उत्तरं होती!" तर म्हणाले, "चुकीची असली म्हणून काय झालं? पोरांची होती ना!"

पालकांना हे पटणं कठीणच होतं. केळीच्या बागांतून येणारे शहाणेसुरते शेतकरी, मुलांच्या दहावीवर डोळे लावून बसलेले. एक जण स्टाफरूममध्येच येऊन म्हणाला, "सर, पेपरमा चुकेल उत्तरना मार्क भेटतस का?" भाऊ म्हणाले, "नही भेटतस, भाऊ." आणि पुन्हा वह्या तपासायला लागले. मला तर टेबलावर हात आपटावासा वाटला. स्वतःची बाजू मांडायची म्हटली की या माणसाची वाचाच बसायची!

त्यात रमिला नापास झाली. रमिला सातपुड्यातल्या एका पाड्यावरची, आमच्या वसतिगृहात राहायची. घरी पावरी बोली बोलणारी ही पोरगी गणितात सगळ्यांच्या पुढं, आणि बोर्डाच्या परीक्षेत थोडक्यासाठी गेली ती गणितातच. झालं! लोकांना निमित्त मिळालं. संस्थेनं बैठक घेतली. भाऊंना विचारलं, एवढी हुशार मुलगी नापास होतेच कशी? ते खाली मान घालून म्हणाले, "माझं शिकवणं कमी पडलं." दहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. त्यांचा जीव होता त्या वर्गात. निवृत्त होईपर्यंत तो त्यांना परत मिळाला नाही. दहावीच्या वर्गावरून जाताना त्यांची चाल हळू व्हायची, हे मी रोज पाहायचे. मी खूप भांडले त्यांच्याशी. "मान का खाली घातलीत? तिचं काय चुकलं ते तिला विचारलंत तरी का?" त्यांनी शेंगदाणे पुढं केले. त्या दिवशी मी ते घेतले नाहीत.

परवा भाऊंच्या घरी सुमनवहिनींना भेटायला गेले होते. ओट्यावर एक बाई बसली होती, मांडीवरचं मूल झोपलेलं. "बाई, ओळखलं का? मी रमिला." पुढच्या खेपेला पास होऊन ती परिचारिका झाली, हे मला माहीत होतं. आता धडगावच्या बाजूला एका उपकेंद्रात असते म्हणाली. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, आणि इतकी वर्षं मनात राहिलेला प्रश्न मी विचारून टाकला. तेव्हा झालं काय होतं?

रमिला लाजली. "खांबाची उंची काढायची होती, बाई. उत्तर आलं ते चुकलेलं आहे, हे लगेच कळलं. मग त्याचं गणित शोधत बसले… पुढचे प्रश्न तसेच राहिले."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे पालक म्हणत होते ते खरंच होतं!

"निकालाच्या दिवशी इथंच येऊन सरांना सांगितलं. पाया पडले, म्हटलं कोणाला सांगू नका. घरची माणसं दरवर्षी गुजरातला ऊसतोडीला जायची. परीक्षेत बसून खेळ केला हे बापाला कळलं असतं, तर त्यानं मलाही नेलं असतं. सर म्हणाले, नाही सांगणार."

"रागावले नाहीत?"

"नाही. मार्कही विचारले नाहीत. एवढंच विचारलं, सापडलं का मग? मी म्हटलं, सापडलं सर, अगदी घंटा होता होता. ते खांबाच्या टोकापासून जमिनीपर्यंत ताणलेल्या तारेच्या लांबीचं गणित होतं." तिनं ओट्याच्या पायरीवर हात ठेवला. "तर सर या इथं, पायरीवर बसले आणि म्हणाले, सांग. पहिल्यापासून सांग."